बुडीचं पाणी

धामणखेडच्या मिशनातल्या हौदात वर्षाचे अकरा महिने पाणी नसे. निंबाचा पाला असे आणि एक जाडजूड पाल असे. आवडाबाई पदर खोचून आत उतरली की आधी काठी आपटून पालीला हाकलायची, मग पाला घमेल्यात भरायची, आणि मग विटेचा चुरा नि नारळाची शेंडी घेऊन चुन्याच्या भिंती घासायला बसायची. हे काम तिला कुणी नेमून दिलेलं नव्हतं. पण दुसऱ्या कुणी घासलं तर तिला पटायचं नाही. कोपऱ्यात बोट फिरवून बघायची आणि पुन्हा घासायची.

धामणखेडात किरिस्ताव होण्याला 'बुडी घेणं' म्हणत. दुसऱ्या मिशनांत म्हणे डोक्यावर चार थेंब शिंपडले की भागायचं. या बाप्तिस्त मिशनाला ते मंजूर नव्हतं. इथं माणूस आख्खा पाण्याखाली गेला पाहिजे, डोक्यावरचा एक केस कोरडा राहता कामा नये. म्हणून हौद, आणि हौदासाठी विहीर.

कामरगावापासून दोन कोसांवर, अडाण नदीच्या काठी हे गाव. किरिस्तावांची मंडळी सुरू झाली ती महारवाड्यातल्या तीन घरांनी. पहिल्या बुड्या नदीच्या डोहात झाल्या. त्यात आवडाबाईची होती. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं तिच्या. गावानं बोंब ठोकली की खालच्या अंगाला आमचा पाणोठा आहे, डोह बाटला. मिशनच्या गोऱ्या साहेबानं भांडण केलं नाही. गावाबाहेरचं एक खडकाळ वावर घेतलं आणि म्हणाला, "आपण आपली विहीर खोदू." आपण म्हणजे आवडाबाईचा नवरा चंपत, त्याचे दोन भाऊ आणि शेजारच्या चतुराबाईचा नवरा. साहेब छत्री धरून काठावर उभा असायचा. दोन उन्हाळे सब्बल आणि सुरुंगानं काळा पाषाण फोडला तेव्हा बत्तीस हातांवर झरा लागला. चतुराबाईचा नवरा दुसऱ्या उन्हाळ्यात दरड अंगावर येऊन तिथंच गेला. चंपतची कंबर तेव्हा धरली ती धरलीच. वीस वर्षं झाली तरी सकाळी उठताना तो आधी भिंतीला हात लावायचा.

तीन घरांची हळूहळू सतरा घरं झाली. मातीच्या भिंतींचं, कौलारू प्रार्थनाघर झालं. त्याची माती बायकांनी तुडवली. बुडी असली की आदल्या दिवशी बायका दोनशे घागरी ओतून हौद भरायच्या आणि सगळ्यांच्या पुढं आवडाबाई. थंडीचे दिवस असले तर शेवटी ती एक घागर ऊन पाणी ओतायची, म्हाताऱ्यांना गार लागू नये म्हणून. दोनशे घागरींत एका घागरीनं काय होणार? पण ओतायची.

या मिशनाची आणखी एक रीत होती. मंडळीत कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, भिंत कुठं घालायची, सगळं रविवारी उपासनेनंतर हात वर करून ठरायचं. बायकांचेही हात मोजायचे. साहेब म्हणायचा, मंडळीत सगळ्यांचे हात सारख्या लांबीचे. गावात आवडाबाईला कुणी कधी काही विचारलेलं नव्हतं, तिच्या सासरी नाही की माहेरी नाही. रविवारी तिला विचारत. प्रवचन ऐकताना ती पेंगायची, पण हात करायची वेळ आली की टक्क जागी असायची.

त्या साली चैत्रातच अडाण आटली. नदीकाठी माळ्यांची अकरा घरं मळे करायची. वांगी, कांदे, मेथी, कारंज्याच्या बाजाराला जाणारा माल. पात्रात झिरे खणले, तेही पंधरा दिवसांत कोरडे पडले. मिशनच्या विहिरीत मात्र दोन पुरुष खोल पाणी होतं. त्याच दिवसांत दौलतराव माळ्याची बायको विजयमाला तापानं अंथरुणाला खिळली. कारंज्याच्या वैद्यानं हात टेकले. मिशनच्या मडमेनं एकवीस दिवस उशाशी बसून तिला औषध पाजलं आणि बाई उठून बसली. दौलतराव रविवारी प्रार्थनाघराबाहेर निंबाखाली ऐकायला बसू लागला. मग त्याचे भाऊबंद आले. वैशाख लागला तेव्हा अकराच्या अकरा घरांनी सांगितलं की आम्ही बुडी घेतो. मडमेचे दौलतरावावरचे उपकार खरे होते आणि विहिरीतलं पाणीही खरं होतं. त्यातलं कुठलं किती, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांत महारवाड्याबाहेरचं एक माणूस मंडळीत आलेलं नव्हतं. आणि आवडाबाईचं तर नाचायचंच बाकी होतं.

"चतुरा, अकरा घरं वं!" विहिरीवर ती चतुराबाईला म्हणाली. "साठेक मानूस. हौद दोनदा भरा लागते."

"भरू ना. पन मले खरं नाही वाटून राह्यलं. विजयमाला आपल्या पान्यात उतरन का?"

"काहून नाही उतरन? येशूनं बोलावलं तिले."

"येशूनं बोलावलं, मान्य. पानी कोनं भरलं हे ते इचारनच."

आवडाबाईला राग आला. नवरा गेल्यापासून चतुराची जीभ कडूच झाली, असं तिनं मनाशी म्हटलं आणि घागर डोक्यावर घेतली.

बुडीला पंधरा दिवस राहिले तेव्हा ती हौद घासायला उतरली. अर्धा घासून झाला असेल, तर काठावर इंद्रभान मास्तर येऊन उभा राहिला. मास्तर म्हणजे मंडळीचा पाळक. याच महारवाड्यातला, मिशनच्या बोर्डिंगात शिकून आलेला. साहेबाचा जुना कोट घालायचा, भर उन्हाळ्यातसुद्धा.

"आवडाबहीण, चांगला घासून राह्यली."

"घासाच लागते, मास्तर. साठ मानूस उतरन."

"हो, हो. घास." तो छत्रीच्या टोकानं माती उकरू लागला. "पानी मात्र या बारीले आपन नाही भराचं."

"मंग कोन भरन? साहेब?"

"दौलतरावच्या घरच्या बाया भरतीन. त्याईचं तेवढंच मननं हाय. आन विहीर एकदा उपसून काहाडाची. मंग बुडी होईपावतर तीन दिवस आपल्या लोकाईनं दोराले हात नाही लावाचा. बुडी झाली का सगळे एकच हावो."

आवडाबाई उभी राहिली. हौदात उभं राहिलं की काठ तिच्या गळ्याशी यायचा. समोर मास्तरचे बूट होते.

"घासाले माहा हात चालते, भराले नाही चालत?"

"हौद कोरडा हाय, त्याचं काही नाही. पान्याचं अलग राह्यते."

"मास्तर, तुमची नाळ माह्या सासूनं कापली."

"मनूनच तं मी सोता सांगाले आलो. रविवारी मंडळीत हात होतीन. तू त्यात काही बोलू नोको."

तो गेला. खरं तर तिनं शेंडी तिथंच फेकून निघून यायला हवं होतं. पण अर्धा हौद तसाच टाकणं तिला जमेना. ती खाली बसली आणि उरलेला घासला, कोपऱ्यांसकट. नखांत चुना जाऊन बोटं चुरचुरत होती. घासता घासता तिला रडू आलं आणि त्याची तिला लाज वाटली.

चंपत मंडळीचा डिकन होता, म्हणजे कारभारी. साहेब त्याच्याशी बोलल्याशिवाय काही ठरवत नसे. तो जेवायला बसला तेव्हा तिनं अंबाडीची भाजी वाढली आणि विचारलं, "तुमाले ठाव होतं?"

चंपतनं भाकरी मोडली. "साहेब बोलले होते."

"आन तुमी काय मनलं?"

"मनलं, मंडळीत पाहू."

"बत्तीस हात खाली उतरले तुमी. आन आता दोराले हात नाही लावाचा?"

"मले काय सांगतं? माह्या कमरेले इचार."

"रविवारी हात वर करसान?"

"नाही."

"पुस्तकावर हात ठिवून सांगा."

"आवडे, नाही मनलं ना!" त्यानं भाकरी ताटात ठेवली. "चतुराच्या मालकाले मी या हातानं दगडाखालून काहाडलं. अजूक त्याचं तोंड दिसते मले. माहा हात वर जाते का?"

तिचा विश्वास बसला. का बसू नये? बावीस वर्षांत तो तिच्याशी खोटं बोललेला नव्हता. तिनं त्याला आणखी एक भाकरी वाढली, नको नको म्हणत असताना. मग आठवडाभर ती वाड्यात घरोघर सांगत फिरली की डिकनचा हात वर जाणार नाही, तुम्ही पण करू नका. लोकांनी माना डोलावल्या. चतुराबाईनंसुद्धा.

रविवारी प्रार्थनाघर गच्च भरलं. डाव्या हाताला पुरुष, उजव्या हाताला बाया, मधून वाट. माळ्यांची माणसं अजून मंडळीत आलेली नव्हती म्हणून बाहेर ओट्यावर बसली होती. साहेब उभा राहिला. मुख्य मिशनाकडून पत्र आलं आहे, म्हणाला. मंडळी वाढली नाही तर हे ठाणं बंद करावं लागेल, शाळा आणि दवाखाना दोन्ही.

"बंधूंनो आणि भगिनींनो, ही एका दिवसाची गोष्ट आहे. पाणी हे पाणीच आहे. ते कोणी भरले याला देवापुढे काही महत्त्व नाही."

"मंग आमीच भरतो ना, साहेब," मागून चतुराबाई म्हणाली.

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. साहेबही हसला. ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करावे, म्हणाला.

मास्तरचा हात गेला. मिशनात पगारावर असलेल्या तिघांचे गेले. बाकी सगळे खाली बघत बसले. साहेबानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. आपण जिंकलो असं आवडाबाईला वाटलं.

तेव्हा ओट्यावरून दौलतराव उठला. वहाणा काढून दारात आला आणि हात जोडले. साहेबाकडे त्यानं बघितलंच नाही. पुरुषांच्या पहिल्या ओळीत चंपत बसला होता, त्याच्याकडे बघत म्हणाला, "चंपतराव, तुमी डिकन हा. तुमी मनसान तसं होईन. माह्या तीन पोरी उजवाच्या हायेत. सोयरे मनतीन, महाराच्या पान्यात बुडाला. मंग कोन करन त्याईले? एका दिवसाचा सवाल हाय. तुमी मोठे मानूस, चंपतराव. तुमी सांभाळून घ्या."

साहेब सगळ्यांनाच 'तुम्ही' म्हणायचा. मिशनच्या कुत्र्यालासुद्धा तो 'तुम्ही बाहेर जा' म्हणे. त्याचं कुणी मनावर घेत नसे. पण गावातला माणूस हा. याच्या बापानं चंपतच्या बापाला जन्मभर 'अबे'शिवाय हाक मारली नाही. यानं स्वतः मागच्या महिन्यापर्यंत 'काय बे चंप्या' म्हटलेलं. त्यानं भर मंडळीत हात जोडून नावाला राव लावला, एकदा नाही, दोनदा.

आवडाबाईला मागून नवऱ्याची पाठ दिसत होती. ती पाठ हळूहळू सरळ झाली. वीस वर्षांत तो एवढा ताठ बसलेला तिनं पाहिला नव्हता. काय होणार ते तिला तिथंच कळलं.

चंपतनं हात वर केला.

मग काय, डिकनचा हात गेल्यावर बाकीचे भराभर गेले. भावांचे गेले, त्यांच्या बायांचे गेले. काहीजणी आवडाबाईकडे बघत होत्या आणि बघता बघता हात वर करत होत्या. साहेबाला मोजायची गरज पडली नाही. "ज्यांची हरकत आहे त्यांनी?" त्यानं रीत म्हणून विचारलं.

आवडाबाईनं हात वर केला. शेजारी चतुराबाईनं केला. साहेबानं दोघींकडे बघून मान लववली आणि मास्तरला गीत सुरू करायला सांगितलं.

घरी जाताना चंपत दोन पावलं मागं चालत होता. "एकच दिवस तं हाय," तो म्हणाला. तिनं पाय उचलला. "ठाणं बंद पडलं असतं," तो म्हणाला. ठाण्याची भीती त्याला आठवड्याआधीही होतीच की. तेव्हा त्याचा हात खाली होता.

चार दिवसांनी विहीर उपसली. उपसणारे अर्थात तेच, चंपत आणि त्याचे भाऊ. मोट हाकून हाकून दुपारपर्यंत त्यांनी तळ दाखवला. दुष्काळात पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून पाट काढून ते दौलतरावाच्या वांग्यांत सोडलं. वांगी दोन दिवसांत तरारली. झऱ्याचं नवं पाणी भरलं, मग माळ्यांच्या बाया घागरी घेऊन आल्या, आणि महारवाड्यातल्या बाया तीन दिवस अर्धा कोस चालून नाल्यातल्या खड्ड्यातून गढूळ पाणी आणत राहिल्या.

बुडी झाली. आवडाबाई जाणार नव्हती, पण पाय राहिले नाहीत. निंबामागं उभी राहून तिनं पाहिलं. हौद कमी भरला होता. दौलतराव पाठीवर आडवा झाला तर त्याचं पोट वरच राहिलं. मास्तरला त्याला दोनदा दाबावं लागलं. आपण भरला असता तर चार बोटं वर भरला असता, असं तिच्या मनात आलं आणि आपल्या मनाची तिला चीड आली. मग विजयमाला उतरली. पाण्यातून वर आली तेव्हा तिचं तोंड हसत होतं आणि डोळे वाहत होते. त्यात खोटं काही नव्हतं. तो आनंद खरा होता हे आवडाबाईला ओळखू आलं, कारण तोच तिनं एकदा डोहातून वर येताना अनुभवला होता. खोटा असता तर बरं झालं असतं, तिला वाटलं.

बुडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं घागर घासली आणि विहिरीवर गेली. तीन दिवस संपले होते. विहिरीवर विजयमाला आणि तिच्या दोन जावा होत्या. आवडाबाई पायरी चढू लागली, तशी विजयमाला लगबगीनं पुढं आली.

"थांब आवडाबहीण, तू वर नोको येऊ. मी देतो वाढून."

"तीन दिवस झाले, बाई."

"झाले ना. पन माह्या सासूबाईनं अजूक बुडी नाही घेतली. त्या बी हेच पानी पितेत. म्हातारं मानूस, समजून घे." तिचा आवाज मऊ होता. आजारातून उठलेली बाई, हात अजून थरथरत होते, पण तिनं स्वतः दोर ओढून बादली वर घेतली. "धर घागर, बहीण."

मंडळीत सगळ्या एकमेकींना बहीण म्हणत. विजयमाला ते कालच शिकली होती आणि मनापासून म्हणत होती. तिनं बादली हातभर उंच धरली आणि ओतली. पाणी घागरीच्या काठावर आपटून आवडाबाईच्या पायांवर उडालं. लहानपणी गावाच्या विहिरीखाली आईबरोबर उभं राहून तिनं असंच पाणी घेतलं होतं, तासन् तास, कुणी तरी वाढेल म्हणून. ते पुन्हा नको म्हणून तर तिनं बुडी घेतली होती.

"मले बहीण नोको मनू," ती म्हणाली. घागरीत पडलेलं पाणी तिनं तिथंच पायरीखाली ओतलं आणि घराकडं वळली. विजयमाला बादली हातात धरून तशीच उभी राहिली. आपलं काय चुकलं हे तिला कळलं नसावं.

दुपारपर्यंत घरात पाण्याचा थेंब नव्हता. चंपत अंगणात बाजेवर बसून अंबाडीचा दोर वळत होता. तिनं रिकामी घागर त्याच्यापुढं ठेवली. बावीस वर्षांच्या संसारात तिनं कधी त्याचं नाव घेतलं नव्हतं. कुठली बाई घेते? 'अवो' म्हणायचं, नाही तर पोराच्या नावानं 'जगदेवचे बाबा'. परक्यानं विचारलं तरी दुसरीकडून सांगवायचं.

"चंपतराव," ती म्हणाली, "पानी आना."

शेजारच्या ओट्यावर चतुराबाई ज्वारी पाखडत होती, तिचं सूप थांबलं. चंपतनं वर पाहिलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. त्यानं दोर बाजूला ठेवला, भिंतीला हात लावून उठला आणि घागर उचलली.

ती त्याच्या मागं निंबापर्यंत गेली. आता तो जाईल, दोर धरेल, स्वतःच्या हातानं पाणी ओढेल आणि घेऊन येईल. तिला एवढंच हवं होतं. माळी बोंबलले तर बोंबलू देत, साहेबानं ठाणं बंद केलं तर करू दे. दोघं मिळून भोगलं असतं. एवढं केलं असतं तर तो वर गेलेला हात ती विसरली असती. खरंच विसरली असती.

भर दुपार होती. माळ्यांच्या बाया केव्हाच गेल्या होत्या. विहिरीवर चिटपाखरू नव्हतं. रहाटावर दोर लोंबत होता, काठावर बादली होती. चंपत पायरीपाशी गेला आणि थांबला. त्यानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. कुणी नव्हतं. आवडाबाईनं निंबाच्या खोडाला घट्ट धरलं.

चंपतनं घागर पायरीच्या खाली ठेवली, तोंड मातीला लागू नये अशी सरळ. मुंडाशानं तोंड पुसलं. मग कमरेला हात देत तो घागरीच्या शेजारी उन्हातच उकिडवा बसला आणि मळ्याच्या वाटेकडं, कुणी वाढायला येतं का, बघत राहिला.